गितलच्या कबरीवरचे गोटे

फायवेलनं खाली वाकून शिळेच्या पायथ्याशी हात फिरवला. हात रिकामाच परत आला. गुरुवारी ठेवलेला गोटा नव्हता, त्याच्या आधीचाही नव्हता. शिळेखालचा सिमेंटचा ओटा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा स्वच्छ होता आणि त्या स्वच्छपणाचाच त्याला संताप आला. कुणी शिळा फोडली असती, तिच्यावर रंग फासला असता, तर ते त्याच्या ओळखीचं होतं. हे असं नीटनेटकं चोरून नेणं त्याला नवं होतं.

त्यानं कोटाच्या खिशातून आजचा गोटा काढला. करडा, चपटा, मधून पांढरी रेघ गेलेला. तो ओट्यावर ठेवला.

"आलो गं," तो म्हणाला.

गितल इस्पितळात होती तेव्हा रोज संध्याकाळी खोलीच्या दारातून तो एवढंच म्हणायचा. यापेक्षा जास्त बोलणं त्याला कधी जमलं नाही, तिनंही कधी मागितलं नाही. ती गेल्यावर लोक म्हणाले, सिनॅगॉगमध्ये ये, तुम्हाला मूलबाळ नाही, तिच्यासाठी कद्दिश तूच म्हणायला हवंस. फायवेल गेला. उभा राहिला, तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बसला. मेलेल्यांसाठी म्हणायच्या त्या प्रार्थनेत मेलेल्या माणसाचं नाव येत नाही, मरणाचा शब्दही येत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती देवाची स्तुती. जर्मनांच्या छावणीतून जिवंत बाहेर आल्यापासून फायवेलनं देवाची स्तुती केली नव्हती. बायको मेली म्हणून आता सुरू करायची, हे त्याला लबाडीचं वाटलं.

म्हणून गोटे. त्याच्या लोकांत कबरीवर फुलं वाहत नाहीत, दगड ठेवतात. कुणीतरी येऊन गेलं, एवढं त्यातून कळतं. दर रविवारी आणि गुरुवारी तो पुलापाशी नदीच्या काठावर उतरायचा, एक गोटा निवडायचा आणि बसनं टेकडीवर यायचा. प्रार्थना म्हणून त्याच्यापाशी एवढीच होती. तीच कुणीतरी उचलून नेत होतं.

त्यानं कुंपणाकडे पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर ज्यूंचं कबरस्तान होतं आणि पलीकडच्या उतारावर कॅथलिकांचं. मधल्या लोखंडी कुंपणात एक लहान फाटक होतं. खाणी जोरात चालू होत्या त्या काळात दोन्हीकडे कबरी खणणारी माणसं एकच होती, त्यांच्या येण्याजाण्यासाठी ठेवलेलं. त्याला कडी होती, कुलूप नव्हतं. गितलची कबर त्या फाटकापासून हाकेच्याही अलीकडे होती.

दुसऱ्या दिवशी तो ग्लिकच्या दुकानात गेला. ग्लिक फर्निचर विकायचा आणि कबरस्तानाच्या समितीचा अध्यक्ष होता, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

"परत?" ग्लिकनं विचारलं.

"परत."

"खारी असतील रे."

"खारी दगड खातात?"

"अमेरिकन खारी काहीही खातात. माझ्या सोफ्याचा अर्धा कापूस खाल्लाय."

फायवेल हसला नाही. तो एका नव्या खुर्चीच्या कडेवर बसला. विकत घ्यायची नसलेल्या खुर्चीवर माणूस बसतो तसा.

"फाटकाला कुलूप लाव," तो म्हणाला.

ग्लिकनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, त्यांच्या फादरशी आपलं बरं चाललंय. गेल्या सणाला आपल्याकडे येऊन बसले होते ते, डोक्यावर टोपी घालून. हेरिंग मासे खाल्ले. आवडल्यासारखं दाखवलंही बिचाऱ्यांनी."

"हेरिंग खाल्लं म्हणून माझ्या बायकोची कबर द्यायची का त्यांना?"

"तसं म्हटलं का मी?"

"मग लाव कुलूप."

ग्लिक इथंच जन्मलेला, इथंच वाढलेला. छावणीतून आलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, असा त्याचा स्वतःपुरता नियम होता. तो नियम त्याला फार महागात पडायचा, कारण गावात तशी माणसं बरीच होती आणि सगळ्यांना वाद घालायला आवडायचं.

"पुढच्या सोमवारी लावतो," तो म्हणाला. "पण फादरना आधी कळवावं लागेल. कारण काय सांगू?"

"कबरीची विटंबना होतेय म्हणून सांग."

"विटंबना फार मोठा शब्द आहे, फायवेल."

"बायको माझी होती," फायवेल म्हणाला आणि उठला.

हे काम कॅथलिकांपैकीच कुणाचं तरी आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. पुरावा मागितला असता तर देता आला नसता. त्याच्याकडे फक्त एक जुना गुरुवार होता, ईस्टरच्या आधीचा. पोलंडात एका शेतकऱ्यानं त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, मोटेलला, गोठ्याच्या माळ्यावर लपवलं होतं. सगळा हिवाळा. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या ताटातलं द्यायचा. त्या गुरुवारी तो शिडी चढून वर आला आणि रडायला लागला. शनिवारी त्याला पापकबुलीसाठी चर्चमध्ये जायचं होतं. त्याशिवाय ईस्टर करता येत नाही. "फादरनं विचारलं तर मला खोटं नाही बोलता येणार," तो म्हणाला. "चर्चमध्ये खोटं कसं बोलू? तुम्ही आजच जा." त्यानं दोघांना एक एक पाव दिला, दोघांच्या कपाळावर क्रूस काढला. मोटेल पहाटे पुलावर जर्मनांना सापडला. त्याच्या हातातला पाव अजून खाऊन झाला नव्हता. फायवेल पुढे आणखी काही आठवडे रानात राहिला आणि मग तोही पकडला गेला. तो फादर खरंच काही विचारणार होता का, हे त्याला कधीच कळलं नाही.

गुरुवारी त्यानं नवा गोटा ठेवला. शुक्रवारी मुद्दाम पाहायला गेला, तर दोन्ही जागेवर होते, पांढऱ्या रेघेचा आणि कालचा. म्हणजे जे होत होतं ते शनिवारी होत होतं. शनिवारी, शब्बाथला, विश्रांतीच्या पवित्र दिवशी, कुणी ज्यू कबरस्तानात जात नाही, वाहनातही बसत नाही. ज्यानं तो दिवस निवडला होता त्याला हे ठाऊक होतं. 

शनिवारी तो निघाला. गितल असताना शब्बाथला तो कधी बसमध्ये चढला नव्हता. स्वतःसाठी नाही, तिला वाईट वाटू नये म्हणून. आताही तो बसथांब्यावरून पुढे गेला आणि सगळी चढण पायी चढला. वर पोहोचला तेव्हा धाप लागली होती. अवजारांच्या खोलीच्या भिंतीला टेकून तो उभा राहिला.

थोड्या वेळानं वरच्या रस्त्यावर बस थांबली आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बाई उतरली. हातात बादली, बादलीत ब्रश आणि फडकी. ती ज्यूंच्याच दारातून आत आली. मधल्या पायवाटेनं लंगडत फाटकाकडे निघाली आणि गितलच्या कबरीपाशी थांबली. एक हात शिळेवर टेकून ती महामुश्किलीनं गुडघ्यांवर बसली. ओट्यावरचे दोन्ही गोटे उचलले. एका कापडी पिशवीत टाकले. मग फडकं काढून ओटा पुसायला लागली. आधी मधून, मग कोपऱ्यांतून. पुसून झाल्यावर तिनं स्वतःवर क्रूसाची खूण केली.

"ए!" फायवेल इंग्रजीत ओरडला. "काय चाललंय?"

"अगं आई गं!" ती पोलिशमध्ये म्हणाली. छातीवर हात ठेवला. "केवढ्यानं दचकवलंत!"

फायवेलच्या तोंडूनही पोलिशच निघाली. गितलशी तो यिद्दिश बोलायचा, कारखान्यात इंग्रजी. पोलिश कधी बोलायचीच नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि ती इतकी सरळ बाहेर आली की त्याचा त्यालाच राग आला.

"इथं काय करताय तुम्ही?"

"अय्या, आपल्याकडचेच का?" तिचा चेहरा खुलला. "कुठले तुम्ही?"

"मी काय विचारलं?"

"साफ करतेय. दुसरं काय करणार, नाचणार का या गुडघ्यांनी?" तिनं पिशवीतला एक गोटा काढून त्याला दाखवला. "हे बघा. मेली पोरं दगड टाकतात. दर आठवड्याला. आजूबाजूला एवढ्या कबरी, तिथं एक खडा नाही, नेमके हिच्याच अंगावर. शिळा नवी कोरी दिसते ना, म्हणून असेल. बिचारी मरून सुटली, तरी दगड काही सुटले नाहीत हिचे."

फायवेल गोट्याकडे पाहत राहिला. पांढऱ्या रेघेचा होता.

आजूबाजूला खरोखरच एक खडा नव्हता. बाकीच्या कबरी जुन्या. त्यांची मुलं, नातवंडं न्यूयॉर्कला, फ्लोरिडाला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कुणी आलंच नव्हतं.

"नेहमी शनिवारीच येता?" त्यानं विचारलं. आवाज थोडा खाली आला होता.

"मग? रविवारी चर्चमधली मिसेची प्रार्थना झाली की सगळे खाली कबरींवर येतात. त्याआधी घासून पुसून ठेवायला नको? माझा माणूस तो तिथं, कुंपणाला लागून. अल्फोन्स कुरेक. मी साबिना. चाळीस वर्षं खाणीत होता, खाणीनं छाती खाल्ली त्याची." तिनं कपाळावरचा रुमाल सारखा केला. "आणि शनिवारी तुमच्यातलं कुणी नसतं. म्हणजे माझी कुणाला अडचण नको. परक्या बाईला आपल्या माणसांत वावरताना पाहून एखाद्याला आवडत नाही. असतं एकेकाचं."

फायवेलनं टोपी काढून पुन्हा घातली.

"या दगडांचं काय करता?"

"घरी जाताना पुलावरून नदीत टाकते. इथंच टाकले तर परत पोरांच्या हाती लागतील की."

पांढऱ्या रेघेचा गोटा काठावरून उचलतानाच त्याला कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला होता. नदीतल्या गोट्यांना काय, सगळे सारखेच, असं म्हणून त्यानं तो खिशात टाकला होता.

"एवढं कशाला करता?" त्यानं विचारलं. "तुमची कोण ही?"

साबिनानं फडकं बादलीत पिळलं, घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली.

"आमच्या गावी तुमच्या लोकांचं कबरस्तान शाळेच्या वाटेवर होतं," ती म्हणाली. "पोरं नेम धरून दगड मारायची. टवका उडाला की टाळ्या. मी लहान, मला नेम यायचा नाही. मी दगड गोळा करून द्यायचे भावाला. फ्रॉकच्या ओच्यात घेऊन उभी राहायचे." तिनं पिशवीचं तोंड आवळलं. "मग युद्ध आलं. तुमचं एक माणूस उरलं नाही गावात. मोठी झाल्यावर फादरना सांगितलं मी, पापकबुलीच्या वेळी. ते म्हणाले, पोरवयातली चूक, एक प्रार्थना म्हण आणि विसरून जा. म्हटली. देवानं माफही केलं असेल, त्याचं मन मोठं आहे. पण दगड तिथंच पडलेत ना अजून. ते कोण उचलणार?"

"कुठलं गाव?"

तिनं नाव सांगितलं. फायवेलनं ते कधी ऐकलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तो बोलणार होता. बाई, हे दगड मी ठेवतो, एवढंच वाक्य होतं. त्याला पोलिशमध्ये येत होतं. त्यानं ते मनात एकदा जुळवूनही पाहिलं.

"बरं झालं तुम्ही भेटलात," साबिना म्हणाली. "सोमवारपासून या फाटकाला कुलूप लागणार. फादरनी सांगितलं, ज्यूंची तक्रार आहे, कबरीला कुणीतरी त्रास देतंय. बायका लागल्या कुरकुरायला. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं, लावू द्या. पोरांना आळा तरी बसेल."

"मग तुम्ही कशा येणार?"

"खालच्या दारानं. चढेन हळूहळू. बसत, उठत." तिनं उताराकडे पाहिलं. उतार सरळ खाली कोसळल्यासारखा होता आणि कुरेकची कबर सगळ्यांत वरच्या रांगेत. "दर शनिवारी नाही जमायचं कदाचित. अल्फोन्स समजून घेईल. जिवंतपणी कधी काही समजून घेतलं नाही, आता तरी घेईल. पण ही..." तिनं शिळेवर थोपटलं. "कुणी येतं का हिच्याकडे?"

"येतो," फायवेल म्हणाला. "नवरा आहे मी."

साबिनाचा हात शिळेवरच राहिला. मग तिनं तो काढून घेतला आणि ओच्याला पुसला.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "माझी बडबड चाललीय आपली. देव तिला शांती देवो. कधी गेली?"

"गेल्या हिवाळ्यात."

"माझा त्याआधी, पानं गळायला लागली तेव्हा." तिनं कुंपणापलीकडे पाहिलं. "मी म्हणते हिच्यासाठी पण एक प्रार्थना. अल्फोन्सची झाली की. आमचीच म्हणते, तुमची मला येत नाही. नावही वाचता येत नाही, तुमच्या अक्षरांत आहे. बाईची कबर, एवढं खणणाऱ्याकडून कळलं. म्हणून 'त्या वरच्या बाई' म्हणते. तुम्हाला राग नाही ना?"

शिळेवर इंग्रजी नको, असं गितलनंच सांगून ठेवलं होतं.

"गितल," फायवेल म्हणाला. "नाव गितल तिचं."

"गितल," साबिना म्हणाली. तिला ते नीट जमलं नाही. शेवटचं अक्षर पोलिश जिभेवर जड झालं. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. फायवेलनं दुरुस्त केलं नाही. गितल गेल्यापासून तिचं नाव त्यानं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लोक 'तुझी बायको' म्हणायचे, नाहीतर विषयच काढायचे नाहीत.

त्यानं हात पुढे केला. तो धरून ती कण्हत उठली. उभी राहिल्यावर तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली, तेव्हा आत दोन गोटे एकमेकांवर वाजले.

"आता तुम्हीच लक्ष ठेवा," ती म्हणाली. "दिसला दगड की उचलायचा. राहू द्यायचा नाही."

फायवेलनं तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांशी मळलेल्या तिच्या झग्याकडे.

"पोरं द्वाडच असतात," तो म्हणाला.

त्यानं बादली उचलली, पुढे जाऊन फाटकाची कडी काढली आणि ती पलीकडे जाईपर्यंत फाटक धरून उभा राहिला.

रविवारी सकाळी तो ग्लिकच्या घरी गेला. ग्लिक झोपायच्या कपड्यांतच होता. टेबलावर नवं कुलूप होतं, पितळी, मुठीएवढं.

"बघ," ग्लिक म्हणाला. "हत्ती बांधला तरी सुटणार नाही."

"नको लावू."

"काय?"

"कुलूप नको. माझी चूक झाली."

"तुझी चूक?" ग्लिक खुर्चीत बसला. "थांब, बायकोला बोलावतो. साक्षीदार हवा याला."

"चेष्टा नकोय."

"मग गोटे जातात कुठं?"

"वारा," फायवेल म्हणाला.

"वारा."

"टेकडीवर फार वारा असतो."

"दगड उडवण्याइतका?"

"लहान असतात दगड."

ग्लिकनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. फायवेलनं नजर काढली नाही. इतकं सरळ, इतकं न अडखळता खोटं आपल्याला बोलता येतं, हे त्यालाही या वयात कळत होतं.

"फादरनी या आठवड्यात भर चर्चमध्ये सगळ्यांना झापलंय," ग्लिक म्हणाला. "त्यांना आता काय सांगू? वारा ज्यू होता म्हणून?"

"म्हाताऱ्याला नीट दिसत नाही म्हणून सांग. आणि पुन्हा हेरिंग खाऊ घाल."

"आणि या कुलपाचं काय करू मी?"

"दुकानाला लाव. खारी येतात ना?"

ग्लिक काहीतरी विचारणार होता. पण त्याचा नियम त्याला आठवला असावा. त्यानं कुलूप खणात टाकलं आणि चहाचं पाणी ठेवलं.

त्याच दुपारी फायवेल काठावर उतरला. नदीला पाणी कमी होतं. त्यानं एक बेताचाच गोटा घेतला, हलका, हातात सहज मावणारा, आणि बसनं टेकडीवर गेला. ओटा स्वच्छ होता. तो नेहमीसारखा वाकायला गेला, आणि अर्ध्यावर थांबला. मग सरळ उभा राहिला आणि त्यानं गोटा शिळेच्या माथ्यावर ठेवला. उचलणाऱ्याला गुडघे टेकावे लागणार नाहीत, इतक्या उंचीवर.